तोळामासा

हार्टलपूल. सकाळचे सव्वानऊ.
पॅथॉलॉजीच्या खिडकीशी एक म्हातारा,
हातात सुपरमार्केटची पिशवी,
पिशवीत चोवीस तासांची लघवी.
बसमधून मांडीवर घेऊन आलेला.
"शेजारची विचारत होती, ॲपल ज्यूस का?"

थ्रेल्केल्ड, अर्नेस्ट. वय एक्क्याऐंशी.
रात्री पोटऱ्यांत गोळे येतात,
उजवी पापणी सारखी लवते.
आमच्याकडे याचा अर्थ काढतात,
इथे रक्त काढतात.

परवा माझ्याच पाळीत आला होता त्याचा आकडा: ०.४१.
यंत्राने लाल केला. मी पुन्हा लावला. पुन्हा तोच.
नळी बरोबर होती, रक्त फुटलेलं नव्हतं,
दोष द्यायला काहीच सापडेना,
मग डॉक्टरला फोन.
आपण आकडा सांगायचा,
समोरच्याने तो परत म्हणून दाखवायचा,
पाढा म्हटल्यासारखा. नियम आहे तसा.

"काय शोधताय माझ्यात?"
मी म्हटलं, मॅग्नेशियम.
तो इतका हसला की मधली काच धुरकटली.
"एकतीस वर्षं, पोरी,
त्या समुद्रातून मी तेच काढत होतो."

आणि खिडकीमागे रांग वाढत असताना
त्याने मला अख्खा कारखाना सांगितला:
समुद्र आत घ्यायचा, त्यात भाजलेला चुना,
की पाणी दुधासारखं फाटायचं,
टाक्यांच्या तळाशी साय बसायची उलटी.
ती भाजून विटा, विटा पोलादाच्या भट्ट्यांना.
आणि तो प्रयोगशाळेत, ब्युरेटसमोर उभा,
थेंब, थेंब,
रंग पालटायची वाट बघत.
त्याचा लाल वाइनचा होता,
मला ऐकताना कोकमाचा दिसला.
मधे एक जांभळा येतो, फसवा.
"तिथे थांबतो तो नवशिका.
निळा व्हायला हवा. पुरता निळा."
त्याने बोटांनी नळीची तोटी फिरवून दाखवली,
हवेत, अगदी हळू.

खाल्ल्या मिठाला जागलेला माणूस,
आणि रक्तात त्या मिठाची चिमूटसुद्धा उरू नये?

बाटलीने उत्तर दिलं दुपारी.
मूत्रपिंडं कवडीचुंबक निघाली,
कण सोडत नव्हती बाहेर.
वाट अडली होती आधीच, आतड्यापाशी:
छातीत जळजळतं म्हणून
नऊ वर्षं नाश्त्याआधी घेतलेली एक गोळी.

त्याच रात्री वर, प्रसूतीच्या वॉर्डात,
एका बाईचं रक्तदाब चढलेलं शरीर
झटक्यांपासून दूर ठेवायला
तेच मॅग्नेशियम शिरेतून चाललं होतं.
शबॉन नावाची सुईण दर तासाला
तिच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघत होती.
पाय उडाला, ठीक.
उडाला नाही, तर जास्त झालं.
मला तिचा हेवा वाटला.
माझ्या मजल्यावर एकही गुडघा नाही,
नुसत्या बारकोड लावलेल्या नळ्या,
आणि कोणाची प्रकृती किती तोळा, किती मासा,
ते सांगणारा दशांश.

तीन आठवड्यांनी थ्रेल्केल्ड ०.७४.
काळ्या अक्षरांत, यंत्राने परस्पर पुढे पाठवलेला,
मला न विचारता.
खरं तर मी उघडून बघायलाही नको होतं.

रविवारी किनाऱ्यावर गेले.
कारखाना नाही. पाण्यात शिरलेला
मोडका धक्का, त्यावर पाणकावळे.
डब्याच्या बाटलीत थोडा समुद्र भरून घेतला.
सोमवारी, पाळी संपल्यावर,
मागच्या कपाटातली मुदत संपलेली रंगाची कुपी,
कोणीतरी जपून ठेवलेली एक ब्युरेट,
आणि मी.

कोकम. कोकम. कोकम.
मग तो फसवा जांभळा. नाही थांबले.
अजून एक थेंब, अर्धा,
आणि एकदम गोकर्ण.

बघतच राहिले.
तोटी बंद करायची राहिली,
आकडा वाचायचाही.