एक ते सात

कार्डावर एक रेघ आहे, रेघेवर सात खुणा.
डाव्या टोकाला 'अतिशय उदारमतवादी',
उजव्या टोकाला 'अतिशय परंपरावादी',
आणि मधल्या चारवर
लोकांच्या बोटांनी लॅमिनेशन उललंय.

डुलुथच्या फेब्रुवारीत टॅबलेट दहा मिनिटांत मान टाकतो,
शाई गोठते, म्हणून पेन्सिल.
मी बेल दाबते, बुटांवरचं बर्फ आपटते
आणि नीट आत शिरायच्या आधीच विचारते,
या रेघेवर तुम्ही स्वतःला कुठे ठेवाल?
जसा काही माणूस म्हणजे लोणच्याची बरणी
आणि मी फळी घेऊन आलेय.

राइनो माकी म्हणाला, सहा.
नाव सांगावं तसा.
त्याच्या दाराशी दोन फावडी होती,
दुसरं शेजारच्या सोमाली बाईच्या पायऱ्यांसाठी.
"तिचं फारच हलकं आहे," एवढंच बोलला.
शाळेसाठी जादा कर? देऊ की.
दवाखाना सगळ्यांना? मग काय, निम्म्यांना?
तरी सहाच ना, मी विचारलं.
"सहाच. माझा बाप सहा होता."

टेकडीवरच्या काचेच्या घरात बाईंनी
एकच्याही अलीकडे बोट ठेवलं, कार्ड संपतं तिथे.
कॉफी दिली, वर बिस्किटं.
रस्त्याच्या टोकाला स्वस्त घरांची इमारत होणार, त्यावर मात्र
त्या बराच वेळ गोठलेल्या सरोवराकडे बघत राहिल्या.
सावलीबद्दल बोलल्या. मग पार्किंगबद्दल.

हे मी कुठे लिहू? रकाना एकच आहे.
मला कुणात डावं-उजवं करायचं नसतं,
आणि माझं काम तेवढंच.

व्हर्ना ओस्टबीनं तर कार्डच माझ्या हातून घेतलं,
ओट्यावरच्या पिठात आडवं ठेवलं,
मिठाची बाटली उचलून दोनवर टेकवली.
"गोदीतला संप. अर्ल सात आठवडे घरी.
रोज बटाट्याचं सूप."
बाटली पाचवर. "मुलगा सैन्यात गेला."
सहावर. "तो परत आला. देवाला शब्द दिला होता मी."
मग मागे, थांबत थांबत, तीनवर.
"नातीनं सांगितलं, तिची जोडीदार मुलगी आहे.
इथवर यायला मला दोन वर्षं लागली. तेही लिही."
रेघेवर मीठ सांडलेलं.
"आता सांग, मी सरकले की तुझी रेघ?"

तळ्यात, मळ्यात, तळ्यात, तळ्यात.
चकवतो हुकूम देणारा,
बाद होतो उडी मारणारा.

साहेब फोनवर म्हणतात, अपूर्णांक नको,
आज जो आकडा तो आकडा.
व्हर्नालाच माझी दया आली:
"चार लिही बाई, तुला घरी जायचं असेल."

घरी जायच्या आधी धुलाईकेंद्र होतं,
शेवटचा पत्ता. ड्वेन बिसोनेट,
मोटेलच्या चादरी काढत होता ड्रायरमधून.
मी कार्ड पुढे केलं. त्यानं पाहिलं,
जसं कुणी परक्या गावाचा नकाशा पाहावा.
"हे धरा जरा," म्हणाला,
आणि चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली.

मी मागे सरकत गेले, भिंतीपर्यंत.
तो तिकडे, काउंटरपाशी.
ओढून धरलं, सुरकुती जाईपर्यंत.
मग दोघं चालत आलो, टोकाला टोक,
त्याची बोटं गरम, माझी अजून बधिर.

'फारसा विचार केलेला नाही' अशी एक चौकट असते.
मी पेन्सिल शोधायला खिशात हात घातला,
तेवढ्यात तो म्हणाला, अजून अकरा आहेत.