सुतावरून

लेम्पीच्या कादंबऱ्यांत खून तिसऱ्या प्रकरणात होतो.
त्याआधी सरोवर गोठतं, कॉफी उतू जाते,
आणि आइरा, बर्फ उपसणारा ट्रक चालवणारी आमची गुप्तहेर,
कुणा विधवेच्या स्वयंपाकघरात
गरजेपेक्षा जास्त वेळ बसते.

मी प्रुफं तपासते.
मंगळवारी मेलेला खजिनदार
बुधवारी चर्चमध्ये गाताना सापडला होता,
तो मीच पकडला.

चौदा पुस्तकं झाली. नियम दोनच,
फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेले:
प्रेम करणारी बाई मरणार नाही.
खुनी कोण, ते आइराला सौनात कळेल.

पहिला मला समजावून सांगावा लागला नाही.
आमच्या तरुणपणी औषधांच्या दुकानातल्या फिरत्या स्टँडवर
आमच्यासारख्या बायका शेवटच्या पानाआधी
विष घ्यायच्या, वेड्या व्हायच्या,
नाहीतर लग्न करायच्या.

दुसऱ्यावर मात्र मी भांडले.
घाम हा काय पुरावा झाला?
ती म्हणाली, माझी आई सौनात जन्मली,
शेवटची आंघोळही तिला तिथेच घातली.
पाळकासमोर बोलत नाही इतकं खरं
माणूस तिथे बोलतो.
आणि तिथे कुणाला खिसे नसतात.

पंधरावं पुस्तक अडलं.
बर्फाखाली एक मुलगी. एका हातात लाल हातमोजा,
दुसऱ्याचं उसवलेलं सूत किनाऱ्यावरच्या काटेरी झुडपाला.
मी समासात लिहिलं, कुठेतरी पाणी मुरतंय.
मग खोडलं. इथे पाणी मुरत नाही,
खाली सगळा खडक.
इथे ते गोठतं. थांबून राहतं.

साल कुठलं टाकू, मी विचारलं.
अडुसष्ट, ती म्हणाली, न थांबता.

आमच्या कपाटात उशांच्या अभ्र्यांखाली
एक लाल हातमोजा आहे, मनगटाशी उसवलेला.
एकतीस वर्षं चादरी बदलताना मी तो उचलते,
परत ठेवते.
जोडीचा कुठे गेला, कधी विचारलं नाही.
चौदा पुस्तकांच्या चुका काढणारी मी.

नियम मोडतेयस, मी म्हटलं.
मोडत नाही, ती म्हणाली.
ती मेली तेव्हा नियम नव्हता.

त्या रात्री सौना तापवली.
तिने दगडांवर पाणी टाकलं. त्या वाफेला
तिच्या आईच्या भाषेत जो शब्द आहे
त्याचा अर्थ पूर्वी जीव असा होता.
वाफ छपराला लागून आमच्या खांद्यांवर उतरली
आणि लेम्पीने नाव घेतलं: सिग्ने.
घंटा वाजवली नव्हती तिच्यासाठी.
पाय घसरला, असं नोंदवहीत लिहिलं,
आणि गावाने ती नोंद पाठ केली.

पुस्तकात शेवटी कुणालाच बेड्या पडत नाहीत.
प्रकाशिकेने दोनदा विचारलं, पण खुनी?
लेम्पीने कळवलं, बाक मोजा.
मला ते वाक्य जरा भारी वाटलं होतं.
तरी राहू दिलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी
मृतांची नावं वाचून मेणबत्त्या लावतात.
पन्नासहून अधिक वर्षांनी लेम्पी आत गेली,
ट्रकवाल्या आइरासारखी, बूट न पुसता.
यादी संपली. पाळकबाईने वही मिटली.
लेम्पी उभी राहिली. गुडघा कटकन वाजला,
मग नाव.

ऑर्गनवाला थांबला. हिटर घरघरत राहिला.
मागच्या बाकावरून कुणी म्हाताऱ्या, घोगऱ्या आवाजात
आडनाव पुरवलं.
मी वळून पाहिलं नाही.
मेणबत्ती शोधत होते, जास्तीची कुणी आणली नव्हती,
शेवटी एका छोट्या मुलीने अर्धी जळलेली दिली.

लोक म्हणतील, बाई सुतावरून स्वर्ग गाठते.
गाठू दे.
पान दोनशे बारा, ओळ नऊ: लाल सूत.
मी तिथे पेन्सिल टेकवली
आणि काही खूण केली नाही.