माया

वीज गेली की वडगावचे माग थांबायचे
आणि इराप्पा कामकर खडे बाजारात
आमच्या दुकानाची पायरी चढायचा.
कानांत कापूस, भुवयांवर सुताची पांढरी लव.

त्या दिवशी पोराला घेऊन आला.
"बसवंतचं माप घे. कोट.
खानापूरच्या कचेरीत लागलाय, शिपाई म्हणून.
पण कोट शिपायाचा शिवू नको."

अप्पांनी टेप टाकली. छाती बत्तीस.
"छत्तीस लिही," इराप्पा म्हणाला,
"पोरगं भरंल अजून. आत माया सोड."
अप्पा हसले. इतकी माया सोडली
तर कोट अंगाला बसत नाही,
अंगालाच कोटात बसायला शिकावं लागतं.

कापड त्यानं बोटानं दाखवलं, हात न लावता:
गडद निळं, बारीक रेघेचं, आठ हप्त्यांवर.
त्याच थानातलं साडेतीन मीटर
सावकारांनी आदल्या दिवशी फाडून नेलेलं.

त्यांना कळलं. कसं, ठाऊक नाही.
ड्रायव्हर आला, पुडकं काउंटरवर टाकलं.
"साहेब म्हणाले, दुसरं दाखवा.
हे काय, कुणीबी घालूलाल्यात."
अप्पांनी राखाडी दाखवलं, पावती बदलली,
आणि गाडी वळल्यावर मला म्हणाले,
निळ्याला ती शिंगाची बटणं काढ.
सावकारांसाठी ठेवलेली.

हे एकोणऐंशी सालचं.

परवा बसवंत आला. रिटायर व्हायला आठवडा.
कारकुनापर्यंत चढला,
शिरस्तेदार व्हायचं राहिलं.
पिशवीत तोच कोट.
"निरोप समारंभ आहे. बटण लागंना झालंय."

ब्लेडनं कुशीची शिवण उसवली.
बाहेरचा निळा विटून विटून
राखेच्या वळणावर गेलेला,
आणि आत ती दोन बोटं कापड,
आत्ताच थानावरून उतरल्यासारखं.

म्हटलं, माया सोडवतो, पण पट्टा दिसणार
दोन्ही बाजूंना. रंगवून घेऊ या का?

त्यानं कोट दाराच्या उजेडात धरला,
साडीतला तुटका धागा शोधताना
त्याचा बाप धरायचा, तसा.
"नको," म्हणाला. "काठ समज."

तो गेल्यावर मी बटणं मोजली.
एकही गेलेलं नव्हतं.