अठरावा मजला

गच्चीवर एरियल धरून मी उभा असायचो
आणि खाली कुणाच्या तरी स्वयंपाकघरात
डेन्झिल माइकशी भांडायचा,
मिनिटाला एकशे चाळीस ठोके,
श्वासालाही उसंत नाही.
बो ते प्लेस्टो, तेवढीच आमची आकाशवाणी.

बिनलेबलच्या काळ्या तबकड्या
मावशीच्या गाडीच्या डिकीतून विकल्या त्याने.
पोलिसांनी कार्यक्रम बंद पाडले, दोनदा तर दारातच.
मग एक उन्हाळा आला,
बसच्या पाठीवर त्याचा चेहरा, धुराने काळवंडलेला.
कंपनीने कोट दिला,
ध्रुपद गायला एक गोड आवाजाची मुलगी दिली,
पुढच्या वर्षी फोन उचलणं सोडलं.

आता लूटनच्या गोदामात रात्रपाळी करतो म्हणे.
मी विचारलं नाही कधी.

मी लिफ्ट दुरुस्त करतो, कौन्सिलच्या.
काल नवव्यावर अडकलेला एक पोरगा
भीती घालवायला भरभर पुटपुटत होता
फटीतून ऐकू आलं:
डेन्झिलच्याच ओळी, एक शब्द वेगळा.
कुणाच्या रे? म्हटलं.
"कुणाच्या नाहीत. सगळेच म्हणतात."

पाना हातात तसाच.
तो चुकीचा शब्द जास्त बरा बसतो तिथे,
डेन्झिलला कळवायला हवं.
नंबर जुनाच असेल तर.