रुमालाखाली

अण्णा अडतीवर जायचे थांबले
त्याला आता दोन हळदी झाल्या.

रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा.
हात थरथरायला लागला तेव्हा
समोरचा व्यापारी म्हणाला,
बाबगोंडा, यातला नेमका कुठला आकडा धरू?
सगळे हसले. अण्णाही हसले असतील,
चेहऱ्यावर उमटलं नाही एवढंच.

थरथरीला गोळी आहे. सहा, अकरा, चार, नऊ.
मी डबीत भरते, पाण्याबरोबर देते.
दुपारभर ते भिंतीकडे तोंड करून पडतात,
पिवळ्या कॉलरचा शर्ट धुवायला देत नाहीत.
आई म्हणते, पहिल्यापासून घुमेच.

घुमे नव्हते.
गणपती पेठेतून आधी त्यांची शीळ यायची,
मग सायकल.

काल मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी
हातांचं काहीच विचारलं नाही.
म्हणाल्या, सकाळी उठावंसं वाटतं का?

अण्णा कितीतरी वेळ गप्प.
मग खिशातला रुमाल काढून
माझ्या हातावर टाकला,
आणि त्याच्याखाली बोटं धरली.
दोन. की तीन. परत दोन.

मला ती भाषा येत नाही.
सौदा मोडू नये म्हणून
हात तसाच ठेवला.
बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता.