मानेपासून तळव्यापर्यंत

सजाच्या कॅम्पात पहिल्या शुक्रवारी गेलो
तेव्हा वाटलं, ढेकूण असतील.
औषधाच्या दुकानात उभं राहून
माणसाची कातडी किती कमी दिसते.

खोली सत्तावीस. सहा दुमजली खाटा, बारा माणसं.
राजलिंगमनं बोटं फाकवून दाखवली :
बेचक्यात राखाडी, केसाएवढ्या रेघा,
शाळेच्या नकाशात पेन्सिलीनं नदी काढतात तशा.
"दिन में कुछ नहीं, साब. रात को चालू."

मी समजावलं, माझ्या बार्शीच्या हिंदीत :
किडा दिसत नाही. मादी कातडीखाली बोगदा खणते,
रोज दोन-तीन अंडी घालते, पुढं सरकते.
रामदरस म्हणाला, "मतलब ठेकेदारिन है."
खोली हसली, आणि हसता हसता
सगळ्यांनी एकदमच खाजवलं.

कागदावर नियम सोपे होते.
मलम मानेपासून तळव्यापर्यंत, आठ तास, धुवायचं नाही.
चादरी, लुंग्या, कुणाची घरून आलेली एकुलती गोधडी,
काळ्या पिशवीत गाठ मारून गच्चीवर, तीन दिवस.
ऑगस्टचं ऊन इथं फुकट मिळतं.
तेवढं एकच.
आणि सगळ्यांनी एकाच रात्री.

पण शफिकुल रातपाळीला होता,
आणि मुकादम म्हणाला, खाजेची रजा नसते.
सकाळी तो आला, बुटासकट आडवा झाला
शेजारच्याच्या धुतलेल्या चादरीवर.
पुढच्या शुक्रवारी पुन्हा बारा.

फाटकावरचा ओकेलो हे सगळं बघायचा.
तो युगांडाचा. एकदा बूट काढून अंगठा दाखवला,
नखाशेजारी खड्डा, हरभऱ्याएवढा.
लहानपणी धुळीतली पिसू शिरली होती,
कातडीत बसून फुगत गेलेली.
आईनं लिंबोणीच्या काट्यानं कोरून काढली,
आणि पाय झाडू नये म्हणून
भावंडं त्याच्या अंगावर बसली होती, चारही.
"आमच्याकडंही काटा काट्यानंच काढतात," मी म्हटलं.
तो नाडी बांधत राहिला.
"काट्याचं काय," म्हणाला, "धरायला माणसं लागतात."

सप्टेंबरात माझ्या मनगटावर रेघ उमटली.

पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू लागलो.
सुटे पैसे गिऱ्हाइकाच्या हातात देईना, काचेवर ठेवायचो.
शुभदाला व्हिडिओवर सांगितलं, घामोळं आहे.
माझ्याच दुकानातून ट्यूब आणली, बिल दुसऱ्याच नावावर.
दार लावून : छाती, पोट, मांड्या, बेचकी.
मग पाठ.
आरशापुढं वळलो. पट्टी घेतली, उलथन्याचा दांडा घेतला.
मधोमध तळहाताएवढी जागा राहिलीच.

शुक्रवारी कॅम्पात गेलो, कागद काढले नाहीत.
शर्ट काढला.
पंख्याचा आवाज तेवढा मोठा झाला.
शफिकुलला नेमकी सुट्टी होती.
त्यानं लुंगीला हात पुसले, ट्यूब मागितली,
आणि मी इतके दिवस दाखवत होतो अगदी तसंच
गोल गोल, जिरेपर्यंत चोळलं,
सिमेंटनं भेगाळलेला हात, किसणीसारखा.

किडा मेल्यावरही खाज महिनाभर राहते,
हे मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं.
स्वतःला सांगायचं राहिलं होतं.

"आठ घंटा," तो मागून दरडावत होता,
"धोना नहीं."
मी मान हलवली.