फार वेळ मरतात

नाबर मास्तरांनी लिहिलं होतं:
"तिसऱ्या अंकात श्री. तुळसकर मरतात.
फार वेळ मरतात.
त्यांच्याआधी प्रेक्षकांतले सातजण गेले,
सव्वादहाची शेवटची एसटी पकडायला."

एवढंच. बाकी सगळा मजकूर नेपथ्यावर.
(खिडकी खरी वाटली, म्हणे.)

साप्ताहिक शनिवारी यायचं.
रविवारी वेंगुर्ले बंदरात, बर्फाच्या फॅक्टरीत
मी लाद्या ढकलत होतो, तर सांतान डिमेलो
टोपली टेकवून म्हणाला,
"मेलंस काय नाय रे अजून?"
आणि पलीकडे सुरमईचा लिलाव पुकारणारा:
"सावकाश बोला, तुळसकर मरासर येळ आसा!"

बायकोनं तो अंक डब्यांखाली अंथरला,
अक्षरं खाली करून.
तरी जिऱ्याचा डबा उचलला की मला वाचता यायचा.
नाटकातली माझी सगळी वाक्यं मी विसरलो,
ही राहिली.

पुढच्या वर्षी मी दिव्यांकडे गेलो.
अंधारात, डिमरपाशी.
स्टेजवर कुणी मरायला लागलं
की उजेड हळूहळू उतरवायचा सोडून
मी खाडकन घालवायचो.
मास्तरांनी लिहिलं: "प्रकाशयोजना निर्दय,
म्हणूनच बरी."

मग एकवीस वर्षांनी सावंतवाडीच्या दवाखान्यात
कॉट नंबर नऊ.
मुलगा मस्कतला, तिकीट मिळत नव्हतं.
मी पेज घेऊन गेलो. खरं सांगतो,
पेज हे निमित्त.
मी बघायला गेलो होतो,
हा माणूस स्वतः कसं करतो ते.

अकरा दिवस.

मी छाती धरून ओरडलो होतो, आठवतंय.
मास्तर चादरीच्या कडेचा दोरा शोधत होते.
सापडला की सोडत. परत शोधत.
मी डोळे मिटले होते. त्यांचे उघडे,
पंख्याकडेही नाहीत,
पंख्याच्या अलीकडे कुठंतरी.
एकदा अगदी स्वच्छ आवाजात विचारलं,
म्हशीचं दूध कोण काढणार?
त्यांच्याकडे म्हैस कधीच नव्हती.
हे मला कुठल्या तालमीत सुचलं असतं?

नवव्या रात्री ओळखलं मला.
जन्मभर छापील बोललेला माणूस
आईच्या बोलीत उतरला:
"तुळसकरा, येळ लागता रे."
म्हटलं, लागांदे.
सव्वादहाची गेली. मी बसून राहिलो.

संपादकांनी माझ्याकडेच मागितला मृत्युलेख. दहा ओळी.
पहिल्या ओळीत 'फार वेळ' आलं, ते खोडलं.
ते चुकले होते, हे लिहायचं होतं.
बरोबर होते, हेही.
मी स्टेजवर साडेचार मिनिटं घेतली होती,
म्हणजे घाईच केली होती,
आणि तरी ती साडेचार मिनिटं लांबलचक होती,
कारण त्यांत दोरा नव्हता.
हे दहा ओळींत बसेना.
शेवटी जन्मतारीख, शाळा आणि मुलाचं नाव दिलं.

यंदा मंडळाच्या नाटकात मरायला
सांतानचा नातू आहे.
काल तालमीत आल्या आल्या छाती धरली त्यानं.
म्हटलं, हात खाली. आधी दोरा शोध.
"कसला दोरा, काका?"
शोध तर.
"आणि लोक उठून गेले तर?"
जात नाहीत, म्हटलं.
शेवटची गाडी आता साडेनऊलाच सुटते,
तुझ्या अंकाच्या आधी.